यीस्ट पॅकहाउसमध्ये आणा, निकाल मुरबाडच्या पाटीत मोजा

प्रति,
मा. कृषिमंत्री आणि मा. पणनमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. कृषी आयुक्त, पुणे
महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ, पुणे
केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, नागपूर
मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती, वाशी

विषय: तोडणीनंतर संत्री, मोसंबी आणि लिंबांना लागणारी हिरवी व निळी बुरशी यीस्टच्या साह्याने रोखण्याबाबत.



5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा खुला झाला. नागपूरहून निघालेला 701 किलोमीटरचा हा रस्ता सह्याद्री ओलांडून आमच्या शहापूर तालुक्यातून भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावी पोचतो. विदर्भाचा संत्रा त्यामुळे मुंबईच्या जवळ आला, याचा आम्हाला आनंद आहे. पण संत्रा सडतो तो प्रवासाला वेळ लागतो एवढ्याचमुळे नव्हे. सडण्याची सुरुवात बागेत, तोडणीच्या वेळी झालेली असते. रस्त्याचा वेग तिला थांबवू शकत नाही. हे सडणे थांबवण्याचा एक उपाय जगात तीसहून अधिक वर्षांपासून माहीत आहे आणि आपल्या देशाच्या कायद्यालाही तो परका नाही. तो आमच्यापर्यंत पोचलेला नाही, म्हणून हे पत्र.

मी शहापूर तालुक्यात राहते आणि शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या वर्गात बसणाऱ्या कितीतरी मुलांच्या आया शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड, धसई इथल्या बाजारांत फळे विकतात. वरूड-मोर्शीच्या बागेतला संत्रा व्यापाऱ्याच्या ट्रकमधून वाशीला येतो, वाशीच्या गाळ्यावरून कल्याणला जातो आणि कल्याणहून या बायका तो क्रेटच्या हिशेबाने उचलून लोकलने, एसटीने किंवा जीपने गावी आणतात. या साखळीत त्या सर्वांत शेवटी उभ्या आहेत. त्यांच्याकडे शीतगृह नाही. डोक्यावर ताडपत्री आणि पुढ्यात पाटी, एवढेच त्यांचे दुकान. आंबिया बहाराचा माल येतो तेव्हा आमच्याकडे पाऊस नुकताच ओसरलेला असतो, हवेत ओल असते आणि दुपारचा पारा तिशीच्या वर असतो. बुरशीला याहून सोयीची हवा लागत नाही. वाशीत सडका निघालेला माल भावातून कापला जातो आणि ती कपात अखेर शेतकऱ्याच्या अंगावर येते. इथे पाटीत सडलेल्या फळाचा तोटा मात्र विकणारीचा एकटीचा. तो कोणाच्याही खात्यात नोंदला जात नाही.

लुधियानाच्या काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने, म्हणजे सिफेटने, 2015 साली देशभराचा अहवाल दिला. लिंबूवर्गीय फळांचे काढणीपासून विक्रीपर्यंतचे नुकसान त्यात 9.69 टक्के धरले आहे. दहा क्रेटमागे जवळपास एक क्रेट. या नुकसानाची कारणे अनेक आहेत, पण बुरशी हे त्यातले मोठे कारण आहे आणि तिच्यावर इलाज करता येतो.

शत्रू नीट ओळखल्याशिवाय इलाज पटत नाही, म्हणून थोडे शास्त्र सांगते. संत्र्यावर दिसणारी हिरवी बुरशी म्हणजे पेनिसिलियम डिजिटॅटम आणि निळी म्हणजे पेनिसिलियम इटॅलिकम. हिरव्या बुरशीला अखंड सालीतून आत शिरता येत नाही. तिला जखम लागते. फळ देठाजवळ कात्रीने न कापता ओढून तोडले, तोडणाऱ्याचे नख लागले, काटा टोचला, क्रेटची कड घासली की सालीतल्या तेलाच्या ग्रंथी फुटतात आणि दार उघडते. बीजाणू हवेत, क्रेटमध्ये आणि धुण्याच्या हौदातल्या पाण्यात आधीच असतात. उबदार हवेत दोन-तीन दिवसांत साल मऊ पडून पाणचट डाग दिसतो, मग पांढरी बुरशी येते आणि पाठोपाठ तिच्यावर हिरवी भुकटी चढते. एका सडलेल्या फळावर एक ते दोन अब्ज बीजाणू तयार होतात. तो संत्रा हातात घेऊन कोणी नुसता टाकून दिला तरी आसपासची फळे त्या भुकटीने माखतात. निळी बुरशी त्याहून चिवट आहे. ती थंडीतही वाढते आणि खेटून ठेवलेल्या फळांत एकातून दुसऱ्यात पसरत जाते. म्हणून नुसते शीतगृह हे या दुखण्याचे पूर्ण उत्तर नाही.

आज जगातल्या मोठ्या पॅकहाउसमध्ये यावर इमॅझॅलिल, थायाबेंडॅझोल अशी बुरशीनाशके वापरतात. ती प्रभावी आहेत, हे मान्य करते. पण त्यांच्याबरोबर दोन अडचणी येतात. एकच औषध वर्षानुवर्षे वापरले की त्याला दाद न देणारे बुरशीचे वाण तयार होतात. कॅलिफोर्नियाच्या पॅकहाउसमध्ये हे घडून गेले आहे. दुसरी अडचण आपल्या स्वयंपाकघरातली आहे. ही औषधे मुख्यतः सालीत राहतात. संत्र्याची साल आपण टाकून देतो, पण लिंबाचे लोणचे आपण सालीसकट घालतो आणि सालीसकटच खातो. आमच्या भागातल्या बचतगटांच्या बायका लोणच्यासाठी बाजारातलेच लिंबू आणतात. जे लोणचे लहान मुलांच्या ताटात पडते, त्याच्या सालीवर औषध जितके कमी तितके बरे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आता उपायाकडे येते. 1980 च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याचे चार्ल्स विल्सन आणि इस्रायलच्या व्होल्कानी संस्थेचे एडो चालुट्झ यांनी एक साधी गोष्ट पाहिली. लिंबूवर्गीय फळे पाण्यात धुऊन ते दाट पाणी त्यांनी प्रयोगशाळेतल्या बशीत पसरले, तेव्हा त्यावर फक्त यीस्ट आणि जिवाणू उगवले. तेच पाणी पातळ करून पसरले, तेव्हा सडवणाऱ्या बुरशा वर आल्या. याचा अर्थ असा की सालीवर मुळातच राहणारे यीस्ट बुरशीला दाबून ठेवत होते. ते विरळ झाले की बुरशीला मोकळे रान मिळत होते. 1989 साली या दोघांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि काढणीनंतरच्या रोगांवर जैविक नियंत्रण हा अभ्यासाचा एक मोठा विषय बनला.

यीस्ट बुरशीला कसे रोखते? कसारा लोकलमध्ये जो आधी चढतो तो जागा धरतो आणि मागून येणाऱ्याला दारातच उभे राहावे लागते, तसेच हे आहे. यीस्टच्या पेशी ताज्या जखमेत आधी पोचल्या की तिथली साखर आणि इतर अन्न खाऊन एक-दोन दिवसांत झपाट्याने वाढतात आणि जखमेवर पातळ थर धरतात. बीजाणूला अंकुरायला लागणारे अन्न मग उरत नाही. मेट्श्निकोव्हिया जातीची काही यीस्ट तर भोवतालचे लोह बांधून ठेवतात आणि लोहाशिवाय बुरशी वाढत नाही. काही यीस्ट बुरशीच्या धाग्याला चिकटतात आणि त्याची भिंत विरघळवणारी विकरे सोडतात. शिवाय यीस्टची चाहूल लागताच फळ स्वतःही जखमेभोवती बुरशीविरोधी द्रव्ये तयार करू लागते. एवढ्या वेगवेगळ्या बाजूंनी होणाऱ्या अडवणुकीला सरावणे बुरशीला रसायनापेक्षा फार अवघड जाते.

हा शोध प्रयोगशाळेतच राहिला नाही. कॅन्डिडा ओलिओफिला या यीस्टपासून बनवलेल्या ‘अस्पायर’ या उत्पादनाची 1995 साली अमेरिकेत नोंदणी झाली. त्याच जातीच्या दुसऱ्या वाणावर बेल्जियममध्ये ‘नेक्सी’ तयार झाले. इस्रायलमध्ये मेट्श्निकोव्हिया फ्रुक्टिकोलापासून ‘शेमर’ आले. आणि आपल्याकडे? कीटकनाशक कायदा, 1968 च्या अनुसूचीत जैविक कीडनाशकांसाठी ज्या सूक्ष्मजीवांची नावे 1999 च्या राजपत्राने घातली, त्यांत ट्रायकोडर्मा आणि बिव्हेरिया यांच्याबरोबर कॅन्डिडा ओलिओफिला हेही नाव आहे. ट्रायकोडर्माचे पाकीट आज तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात मिळते. कॅन्डिडा ओलिओफिला मात्र यादीतून बागेपर्यंत आले नाही. पाव शतक ते कागदावरच आहे.

याची कारणे मी प्रामाणिकपणे मांडते, कारण उपायाची स्तुती करून त्याच्या मर्यादा झाकल्या तर पहिल्याच हंगामात लोकांचा विश्वास उडेल. अस्पायर काही वर्षांनी बाजारातून गेले. यीस्ट हा जिवंत माल आहे. तो उन्हात ठेवला तर मरतो आणि त्याची साठवण थंड लागते. प्रत्येक पॅकहाउसमध्ये तो सारखाच परिणाम देत नाही. मुख्य म्हणजे यीस्ट राखण करते, रोग बरा करत नाही. जखमेत बुरशी आधीच मुरली असेल तर नंतर यीस्ट फवारून उपयोग होत नाही. देठाकडून येणारी कूज तर बागेत असतानाच फळात लपून बसलेली असते, तिच्यावरही यीस्टची मात्रा फारशी चालत नाही. मोठ्या कंपन्यांना तयार रसायन विकणे सोपे वाटते आणि एका पिकाच्या काही महिन्यांच्या हंगामासाठी जिवंत यीस्ट सांभाळणे तोट्याचे वाटते. म्हणूनच हे काम बाजारावर सोडून चालणार नाही. सार्वजनिक संस्थांनी ते उचलले तरच होईल.

आणि या कामाला लागणारे सर्व हात आपल्या राज्यात आहेत. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था याच फळांसाठी उभी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि त्यात यीस्टचे वाण जपलेले आहेत. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट साखर कारखान्यांच्या आसवन्यांना यीस्टचे तंत्र शिकवते आणि जैविक खतेही बनवते. उसाच्या मळीवर यीस्ट वाढवणे या राज्याला नवे नाही. पणन मंडळाची संत्रा निर्यात सुविधा केंद्रे वरूड आणि कारंजा घाडगे इथे आहेत, जिथे फळ धुऊन, प्रतवारी करून त्यावर मेण चढवले जाते. यीस्ट चढवण्याची जागा नेमकी तीच आहे, कारण तोडणीनंतर लवकरात लवकर, शक्यतो एका दिवसात, ते जखमेत पोचायला हवे. वाशीला पोचल्यावर फार उशीर झालेला असतो. एका संस्थेने वाण निवडायचा, दुसरीने वाढवायचा, तिसरीने फळावर चढवायचा. आज प्रत्येक संस्था आपापल्या आवारात काम करते आहे. त्यांना एका टेबलाशी बसवणे हे शासनाचे काम आहे.

मग शहापूर-मुरबाडच्या बाईने हे पत्र का लिहावे, असा प्रश्न पडू शकतो. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण निकाल मोजण्याचे. नवे तंत्र बहुतेक वेळा शीतगृहात, नेमक्या तापमानाला, निवडक फळांवर तपासले जाते आणि तिथे ते यशस्वी ठरते. आमच्याकडची फळे शीतगृहातून ग्राहकाकडे जात नाहीत. ती ट्रक, गाळा, लोकल आणि पाटी असा प्रवास करतात आणि त्यानंतर चार-पाच दिवस दमट हवेत उघड्यावर असतात. यीस्ट लावलेले क्रेट आणि न लावलेले क्रेट एकाच ट्रकमधून वाशीला, तिथून कल्याणला आणि पुढे मुरबाड-शहापूरच्या बाजारात आले पाहिजेत. रोज किती फळे सडली याची नोंद विकणाऱ्या बायकांनी ठेवली पाहिजे. इथे जो फरक दिसेल तो खरा फरक. इथे दिसला नाही, तर नागपूरच्या प्रयोगशाळेतल्या आकड्याला अर्थ नाही.

दुसरे कारण आमच्या रानाचे. तानसा-भातसाच्या खोऱ्यात आणि माळशेजच्या पायथ्याला उन्हाळ्यात मोहाची फुले पडतात, करवंदे आणि जांभळे पिकतात. गोड फुलाफळांच्या सालीवर रानटी यीस्ट राहते. आमच्या उष्ण आणि दमट हवेत टिकलेले यीस्ट बेल्जियममध्ये निवडलेल्या वाणापेक्षा इथल्या संत्र्यावर आणि लिंबावर अधिक तग धरेल, ही शक्यता तपासून पाहण्याजोगी आहे. वाण निवडताना एक अट मात्र सुरुवातीलाच घातली पाहिजे. माणसाच्या शरीराच्या 37 अंश तापमानाला जे यीस्ट वाढते ते बाद. कॅन्डिडा हे नाव ऐकून लोकांच्या मनात माणसाच्या आजाराची शंका येईल, तिला उत्तर देणारा पुरावा आधीच तयार हवा. दुसरी अट हक्काची. शहापूर तालुका पूर्णपणे आणि मुरबाड तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. हे रान कातकरी, ठाकर, महादेव कोळी, वारली यांनी राखलेले आहे. जैविक विविधता कायदा, 2002 प्रमाणे गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या असायला हव्यात. रानातून नमुना उचलायचा असेल तर ग्रामसभेला विचारूनच उचला आणि त्यातून उद्या काही उत्पन्न झाले तर त्यातला वाटा त्या ग्रामसभेला द्या.

यीस्टच्या आधीचे आणि बरोबरीचे काही साधे उपायही सांगते, कारण त्यांच्याशिवाय यीस्ट एकटे काही करू शकणार नाही. तोडणी मजुराला क्रेटच्या संख्येवर पैसे मिळतात. मग तो हाताने ओढून तोडणारच. जखमा कमी हव्या असतील तर कात्री, हातमोजे आणि सावकाश तोडणीसाठी वाढीव मजुरी द्यावी लागेल. धुण्याच्या हौदातले पाणी रोज बदलले पाहिजे आणि त्यात योग्य प्रमाणात क्लोरीन हवे, नाहीतर तो हौदच बीजाणू वाटत सुटतो. दोन-तीन टक्के खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात फळ बुडवले तर बुरशीची वाढ मंदावते आणि त्यानंतर लावलेले यीस्ट अधिक चांगले काम करते, हे परदेशांतल्या प्रयोगांत दिसले आहे. सडलेले फळ पॅकहाउसच्या बाहेर नेऊन पुरले पाहिजे. क्रेट परत फिरताना धुतलेले असले पाहिजेत. यांतले काहीही महाग नाही.

म्हणून आपल्याकडे माझ्या नेमक्या मागण्या अशा आहेत.

कृषी विभागाने नागपूरची संस्था, पुण्याचा सूक्ष्मजीव संग्रह, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि पणन मंडळ यांचा एक संयुक्त प्रकल्प मंजूर करावा, त्याला किमान तीन वर्षांचा निधी द्यावा आणि जबाबदार अधिकाऱ्याचे नाव जाहीर करावे. तीन वर्षे यासाठी की आंबिया आणि मृग हे दोन्ही बहार, पावसाची आणि कोरडी अशी दोन्ही वर्षे, त्यात यावीत.

पणन मंडळाने वरूड आणि कारंजा घाडगे इथल्या केंद्रांत धुण्याच्या आणि मेणाच्या टप्प्यांच्या मध्ये यीस्टच्या द्रावणाचा एक टप्पा बसवावा. अशा प्रयोगांत एका मिलिलीटरमध्ये साधारण दहा कोटी पेशी ठेवतात. त्या जिवंत आहेत की नाहीत हे रोज तपासायला प्रशिक्षित माणूस आणि एक सूक्ष्मदर्शक पुरतो.

बाजार समितीने वाशीच्या फळबाजारात यीस्ट लावलेल्या मालाची वेगळी खूण ठेवावी आणि सडीची नोंद गाळ्यावर घ्यावी. सड किती आणि कोणत्या बुरशीची, हे लिहिल्याशिवाय कोणताही उपाय तपासता येत नाही.

मुरबाड आणि शहापूर इथे निकालाचे केंद्र ठेवावे. नोंद ठेवणाऱ्या विक्रेत्या बायकांना मानधन द्यावे, प्रयोगात त्यांचे नुकसान झाले तर ते भरून द्यावे आणि निकाल मराठीत, बाजारात वाचता येईल असा लावावा.

ज्या वाणाने इथे गुण दाखवला, त्याच्या नोंदणीसाठी लागणारी सुरक्षिततेची आणि परिणामाची माहिती सार्वजनिक संस्थांनी स्वखर्चाने तयार करून केंद्रीय कीटकनाशक मंडळाकडे द्यावी. शेतकरी उत्पादक कंपन्यांना तो वाण परवान्यावर, परवडणाऱ्या दरात मिळावा. अनुसूचीत नाव असणे हा अर्धाच रस्ता आहे. उरलेला रस्ता कोणी खासगी उत्पादक चालेल, याची वाट पाहत आणखी पंचवीस वर्षे घालवू नका.

शहापूरच्या धरणांतून मुंबई पाणी पिते. शहापूरच्या जमिनीतून समृद्धी महामार्ग गेला. मोठ्या कामांसाठी आमच्या भागाने जागा दिली आहे. या छोट्या कामासाठी आम्ही आमचा बाजार, आमचे रान आणि आमच्या बायकांच्या नोंदवह्या द्यायला तयार आहोत. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टची कळी फुटताना पाहणारी मुलेही या कामात उतरू शकतील. आपल्याकडून हवा आहे तो एक लेखी निर्णय, आंबिया बहाराची तोडणी सुरू होण्याआधी, म्हणजे येत्या ऑक्टोबरच्या आत. तो घ्यावा आणि त्याची प्रत शहापूर व मुरबाड पंचायत समित्यांच्या फलकावर लावावी, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
शहापूर तालुक्यातील एक विज्ञान शिक्षिका